हलकेफुलके म्हणू नका!

या वर्षी गणपती बसायच्या पंधरा दिवस आधी आमच्या इमारतीच्या सांस्कृतिक समितीची बैठक भरली. ‘सांस्कृतिक समिती’ हे नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात आम्ही सात माणसे, एक चहाचा थर्मास आणि बेसनाच्या वड्यांचा डबा. आम्ही राहतो माजिवड्याला. मुंबईहून येणारा द्रुतगती मार्ग, घोडबंदरचा रस्ता आणि जुना आग्रा रस्ता यांची जेथे गळाभेट होते, तेथेच आमची इमारत उभी आहे. त्यामुळे खिडक्या लावून घेतल्याखेरीज आम्हांला संस्कृतीविषयी एक अक्षर बोलता येत नाही. खिडक्या लावल्या, पंखा सुरू केला आणि तिसऱ्या दिवशी रात्री कोणता चित्रपट दाखवायचा, या विषयाला हात घातला.

मी म्हटले, “सई परांजप्यांचा ‘स्पर्श’ लावू या.”

आमचे चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत. ते घाबरून म्हणाले, “बाई, सणासुदीला आंधळ्यांचं कशाला? त्यांचंच दुसरं काहीतरी लावा की. ‘चश्मेबद्दूर’ नाहीतर ‘कथा’. कसं हलकंफुलकं असतं! डोक्याला ताप नाही, लहान पोरंही बसतात.”

सहा माना डोलल्या. आणि सांगायला लाज वाटते, पण सातवी मान माझी होती, तीही डोलली. ‘कथा’ ठरला, वड्या संपल्या, बैठक उठली.

घरी आल्यावर मात्र तो शब्द मला झोप येऊ देईना. हलकेफुलके! गेली चाळीस वर्षे मी हा शब्द ऐकत आले आहे. सईबाईंचे नाव निघाले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू येते आणि पाठोपाठ हा शब्द येतो. मी निवृत्त शिक्षिका. चुकीचा शब्द दिसला, की त्याखाली लाल रेघ ओढायची हाताला सवय. ती रेघ ओढण्यासाठीच हा लेख. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते: सईबाईंच्या चित्रपटांना हलकेफुलके म्हणताना आपण त्यांची स्तुती करीत नसतो. त्यांनी आपल्यावर ठेवलेला आरोप ऐकू येऊ नये, म्हणून आपण कानांत घातलेला तो कापूस आहे.

आपल्या भाषेचाही यात थोडा दोष आहे. मराठीत वजनाला फार मान. पैठणी भारी, माणूस भारदस्त, विचार वजनदार. उलट कान हलका, कुळी हलकी, काम हलके, आणि त्यापुढे एक पायरी उतरले की हलकट. पण हीच भाषा स्वयंपाकघरात आणि दवाखान्यात शिरली, की तिला वेगळी अक्कल सुचते. करंजीची पारी हलक्या हाताने लाटावी लागते. जड हाताची करंजी तळताना फुटते आणि सारण तेलात जाते. सुई टोचणारी नर्स हलक्या हाताची असली, की तिच्यापुढे रांग लागते. तेथे ‘हलका हात’ म्हणजे वर्षांची मेहनत, हे आपल्याला सांगावे लागत नाही. सुई तेवढीच आत जाते. फक्त गेल्याचे कळत नाही. सईबाईंच्या हलकेपणाचा अर्थ हा आहे. आपण मात्र सुई टोचलीच नाही असे समजून दंड चोळीत घरी जातो.

आणखी एक कापूस आहे, तोही आधी काढून टाकू. तो म्हणजे ‘पहिली स्त्री दिग्दर्शक’ हे बिरुद. सभेत हारतुरे घालताना असे बिरुद सोयीचे पडते, पण ते खरे नव्हे. फातमा बेगम यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला तो १९२६ साली, मूकपटाच्या जमान्यात. आपल्या शोभना समर्थ यांनी १९५० मध्ये ‘हमारी बेटी’ दिग्दर्शित केला आणि त्यातून नूतन पडद्यावर आली. तेव्हा सईबाई पहिल्या नव्हेत. पण वाट पाडली त्यांनी, यात शंका नाही. लोक तिकीट काढून येतील, खळखळून हसतील आणि तरीही दिग्दर्शकाच्या मनातली गोष्ट पडद्यावर जशीच्या तशी राहील, असा चित्रपट बाईमाणूस लिहू शकते, काढू शकते आणि एकामागून एक काढू शकते, हे हिंदी पडद्यावर त्यांनी दाखवून दिले. ‘पहिली’ म्हटले, की माणूस तारखेत जाऊन बसतो. मग त्याचे काम पाहायची गरज राहत नाही.

हा हात हलका झाला कसा? सईबाईंचा जन्म १९३८ चा, लखनौचा. आजोबा रँग्लर परांजपे. केंब्रिजला गणितात पहिले आलेले. आई शकुंतला परांजपे. शांतारामबापूंच्या ‘कुंकू’मध्ये त्यांनी काम केले, र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचा प्रचार केला, आणि तोही अशा काळात, की त्या शब्दाने सभ्य माणसे खोलीतून उठून जात. वडील युरा स्लेप्ट्झॉफ हे रशियन चित्रकार. आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते, तेव्हा बालपणीची काही वर्षे तिकडे गेली. पहिले पुस्तक ‘मुलांचा मेवा’ लिहिले, तेव्हा लेखिका फ्रॉकमध्ये होत्या. हे वाचून कोणी म्हणेल, अशा घरात जन्मल्यावर काय कठीण! कठीण होते ते पुढचेच. अशा घरातली माणसे जन्मभर भारदस्त बोलतात. सईबाई तशा बोलल्या नाहीत, कारण त्यांची खरी शाळा घराबाहेर झाली.

त्या शाळेचे दोन वर्ग मला महत्त्वाचे वाटतात. पहिला आकाशवाणीचा. पुणे केंद्रावर त्यांनी निवेदिका म्हणून कामाला सुरुवात केली. रेडिओपुढे बसलेला प्रत्येक श्रोता, त्या तेवढ्या वेळापुरता, आंधळा असतो. त्याला दार दाखवता येत नाही. कडी वाजवावी लागते. रुसलेले तोंड दाखवता येत नाही. बोलण्यात एक पळभर थांबावे लागते. दुसरा वर्ग बालरंगभूमीचा. मोठा माणूस कंटाळला तरी तिकिटाच्या पैशांकडे बघून बसून राहतो, बाहेर येऊन ‘प्रयोग विचारप्रवर्तक होता’ असेही म्हणतो. मूल कंटाळले की उठते, आईला शू लागल्याचे सांगते आणि चालू लागते. मुलांपुढे उपदेश करून पाहावा. पाचव्या मिनिटाला सभागृहात धावाधाव सुरू होते. ज्यांनी मुलांसाठी नाटके केली, त्यांना प्रेक्षकाला फसवता येत नाही आणि दटावताही येत नाही. मग त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात शिकल्या, १९६३ साली बाहेर पडल्या आणि पुढे दिल्ली दूरदर्शनवर त्यांनी मन लावून काम केले. ‘स्पर्श’ येण्याआधी एवढी वर्षे पीठ मळून झाले होते. तेव्हा कुठे पारी हलकी लाटली गेली.

आता त्या ‘आंधळ्यांच्या’ चित्रपटाकडे येते. चिटणिसांना भीती कशाची वाटली? पडद्यावर रडारड होईल, व्हायोलिने वाजतील आणि प्रसाद वाटताना वातावरण खिन्न होईल याची. ‘स्पर्श’मध्ये यातले काही नाही. अंध मुलांच्या शाळेचा प्राचार्य स्वतः अंध आहे, आणि त्याला जगातली एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे दया. एक प्रसंग पाहा. तो आपल्या खोलीत पाहुणीला कॉफी करून देऊ लागतो. ती चांगुलपणाने मदतीला हात पुढे करते आणि तो भडकतो. बस, एवढेच. एक कप कॉफी. पण आपण साऱ्या सुशिक्षित मंडळींनी आयुष्यभर जो परोपकार केला, त्याची किंमत त्या कपात मोजून होते. आपण दिलेला हात त्या माणसाला हवा होता, की आपल्याला द्यायचा होता? चित्रपट दिल्लीच्या खऱ्या अंधशाळेत घेतला आणि तेथलीच मुले त्यात हसली-बागडली. ती एकमेकांची चेष्टा करतात, दंगा करतात. पाहताना आपण हसतो आणि मग चपापतो, कारण ‘बिचारी’ हा शब्द ओठांवर येऊन अडकलेला असतो. ज्या बाईने इतकी वर्षे न पाहणाऱ्या श्रोत्यांसाठी काम केले, तिलाच हा चित्रपट सुचू शकला असता, असे मला वाटते.

त्याला १९७९ चे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा, पटकथेसाठी सईबाईंना आणि अभिनयासाठी नसीरुद्दीन शाहांना. त्याच चित्रपटाला फिल्मफेअरची पारितोषिके मिळाली ती १९८५ मध्ये! राष्ट्राने गौरवलेली वस्तू बाजारात पोहोचायला मध्ये इतकी वर्षे गेली. जे चित्रपट ‘डोक्याला ताप’ देतात असे आपण न पाहताच ठरवतो, त्यांचे असे होते. चिटणिसांनी बैठकीत केले तेच त्यावेळी चित्रपट-व्यवसायाने केले. फरक एवढाच, की व्यवसायाने बेसनाच्या वड्या खाल्ल्या नव्हत्या.

‘चश्मेबद्दूर’ (१९८१) हा तर हलक्याफुलक्यांचा मेरुमणी समजला जातो. दिल्लीत एका खोलीत राहणारी तीन पोरे, पानवाल्या लल्लन मियाँची थकलेली उधारी, आणि घरोघर कपडे धुण्याची पावडर विकत हिंडणारी एक मुलगी. दोन पोरे तिच्या मागे लागतात, दोघेही आपटतात आणि खोलीवर परत येऊन आपल्या विजयाच्या रसभरित कहाण्या सांगतात. आपण पोट धरधरून हसतो. पण त्या थापांचे पुढे काय होते? तिसरा, जो खराच तिच्यावर प्रेम करतो, तो त्या थापांवर विश्वास ठेवतो आणि तिला काहीही न विचारता तिच्याविषयी मत बनवून मोकळा होतो. पुरुषांनी खोलीत बसून बाईविषयी रचलेली गोष्ट ही बाईपेक्षा खरी ठरते! त्या पोरीचा दोष काय, तर ती कामाला बाहेर पडते. मी सदतीस वर्षे लोकलने शाळेत गेले आहे. अशा गोष्टी कशा जन्माला येतात आणि कोणत्या डब्यातून कोणत्या डब्यात जातात, हे मला कोणी सांगायला नको. एवढी कडू गोष्ट साखरेत घोळून कोणी आपल्याला खिलवली असेल, तर त्या हाताला नमस्कार करावा; मिठाईचे दुकान म्हणू नये. २०१३ साली याच कथेचा नवा अवतार निघाला आणि त्याच दिवशी जुनाही पुन्हा चित्रगृहांत लागला. दोन्ही पाहिलेल्यांना विनोद आणि गोंगाट यांतला फरक मी सांगायची गरज नाही.

आणि आता ‘कथा’.

१९८३ साल. आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. पुढे त्या चाळींतली अर्धी माणसे ठाण्या-डोंबिवलीकडे सरकली, तशी मीही सरकले. पण त्या वेळी माझे वय बावीस, पाठच्या दोन बहिणी, आणि आई. चौघी मिळून ‘कथा’ला गेलो. ससा-कासवाच्या गोष्टीवर बेतलेल्या एका मराठी नाटकाचा तो चित्रपट. चाळीतला कारकून राजाराम साऱ्यांची कामे करतो आणि कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. त्याच्याकडे राहायला त्याचा मित्र बाशू येतो. बाशू गोड बोलतो, राजारामचेच कपडे घालून मिरवतो, त्याच्याच कचेरीत साहेबाला मस्का लावून नोकरी मिळवतो, साहेबाच्या घरात शिरतो, आणि सारी चाळ त्याच्यावर लट्टू होते. राजारामचे मन जिच्यावर आहे ती संध्याही. आम्ही तिघी बहिणीसुद्धा. चित्रगृहातून बाहेर पडलो त्या फारुख शेखची तारीफ करीतच. राजारामची आम्ही नक्कल करीत होतो. धाकटीने तर त्याची चालसुद्धा चालून दाखवली.

आई जरा वेळ गप्प चालत होती. मग म्हणाली, “हसताय काय? तुम्हां तिघींतली एकही त्या राजारामाला हो म्हणणार नाही. ते त्या बाईला बरोब्बर ठाऊक आहे. तिने पिक्चर काढलाय तो तुमच्यावर.”

आई सातवीपर्यंत शिकलेली. त्या चित्रपटावर पुढे मी बरेच वाचले, पण इतके नेमके परीक्षण वाचल्याचे आठवत नाही. मला तिचे बोलणे झोंबले, त्याला कारण होते. त्याच वर्षी चाळीतल्याच एका स्थळाला मी नकार दिला होता. मुलगा सालस, पोस्टात नोकरीला. पहाटे उठून वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजींचे पाणी भरून द्यायचा. कोणी कारण विचारले, तर मी सांगत असे, “बावळट आहे.” पुढे मी सुखाने नांदले, तोही नांदला; नकाराबद्दल मला खंत नाही. पण त्या कारणाबद्दल अजून लाज वाटते. दुसऱ्याचे पाणी भरणारा माणूस बावळट असतो, हे मला कोणी शिकवले होते? कोणी नाही. ते चाळीच्या हवेतच होते. कॅमेरा नेमका त्या हवेपुढे धरला होता आणि मी त्याला करमणूक समजून टाळ्या वाजवल्या.

चाळीविषयी मराठी माणूस हळवा असतो. आता वीस-वीस मजले चढून बसल्यावर तर त्याला चाळीच्या आठवणीनेही हुंदका येतो: काय ते शेजार, काय तो जिव्हाळा! ‘कथा’त जिव्हाळा आहे, पण तो कोणाच्या जिवावर चालतो तेही आहे. आणि शेवट पाहा. साखरपुड्याच्या वेळी बाशू पळून जातो. राजाराम पुढे होतो. संध्या त्याला खरे काय ते सांगते, की बाशूबरोबर ती फार पुढे गेलेली आहे. हिंदी पडद्यावर त्या काळी अशी कबुली दिली, की नायिकेने विहीर जवळ करायची किंवा गोळी छातीवर झेलून मरायचे, अशी वहिवाट होती. सईबाईंनी दोघांचे लग्न लावून दिले. ना वादळ, ना विजांचा कडकडाट. आणि बाशू? तो विमानात बसून पुढच्या मुक्कामाला निघून जातो. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत ससा हरतो. येथे कासव पोहोचले खरे, पण ससा हरलेला नाही. तो दुसऱ्या शर्यतीला गेला आहे, आणि ती शर्यत बघायला आपणच टाळ्या वाजवीत उभे राहणार आहोत. याला कोणी हलकेफुलके म्हणत असेल, तर त्याने ससा ओळखलेला नाही. किंवा फारच चांगला ओळखलेला आहे. या चित्रपटालाही १९८२ चा उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता एका शब्दाची किंमत किती होऊ शकते तेही पाहा. ‘कथा’नंतर सईबाईंचा पुढचा मोठा चित्रपट आला तो १९९० साली, ‘दिशा’. मधली वर्षे त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. ‘अडोस पडोस’, ‘छोटे बडे’ या मालिका केल्या, मराठी रंगभूमीवर लिहिले, बसवले. ‘सख्खे शेजारी’ आणि ‘जास्वंदी’ यांच्या कर्त्या याच, हे तर अनेकांना ठाऊकही नसते. पण दोन चित्रपटांनी देशाला हसवणाऱ्या बाईला तिसऱ्यासाठी कोणी लाल गालिचा अंथरला नाही. गंभीर मंडळींनी म्हटले, ह्या तर हसवतात. पैसेवाल्यांनी म्हटले, ह्यांत मारामारी कुठे आहे? ‘हलके’ या एका शब्दाने दोन्ही दरवाजे लागले. ‘स्पर्श’पासून ‘साज’पर्यंत जवळजवळ वीस वर्षांत मोठ्या पडद्यावरचे त्यांचे चित्रपट अर्धा डझनच भरतात. ‘पद्मभूषण’ मिळाले, २००६ साली. आपल्याकडे शाल देणे सोपे असते. कॅमेरा देणे अवघड.

आणि ‘दिशा’ पाहिलात काय? शंभरांतल्या पाच हातांपलीकडे हात वर होणार नाहीत. कर्जासाठी, पोटासाठी गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आलेली माणसे, एका खोलीत दाटीवाटीने काढलेली वर्षे, आणि गावात मागे राहिलेला एक वेडा, जो लोकांची थट्टा सोसून वर्षानुवर्षे विहीर खणत बसतो. ओम पुरींचा तो विहीर खणणारा आणि नाना पाटेकरांचा तो मुंबईला गेलेला, यांतला दिशा चुकलेला कोण, हा प्रश्न चित्रपट विचारतो. आमच्या ठाण्याला तर तो प्रश्न दारात येऊन उभा आहे. येथे कारखाने आले तेव्हा घाटावरची, कोकणातली माणसे पोटामागे आली; कारखाने बंद पडून त्यांच्या जागी मनोरे उठले, तेव्हा त्याच गावांकडून त्यांचे रखवालदार आले. ‘दिशा’ आमच्या फाटकावर रात्रपाळी करीत असते. तिच्यातही सईबाईंचा विनोद आहे. माणसे त्या खोलीतही एकमेकांची थट्टा करतात, कारण थट्टा केल्याशिवाय तसल्या खोलीत जगता येत नाही. पुढे १९९३ मध्ये दारूविरुद्ध उठलेल्या खेड्यातल्या बायांवर त्यांनी ‘चूडियाँ’ हा लघुपट केला. त्यालाही सामाजिक विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अंधत्व, स्थलांतर, दारू. हलक्याफुलक्या बाईंचे विषय बघा एकेक!

माझ्या विरुद्ध बाजूला बोलण्यासारखे काही नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ‘चश्मेबद्दूर’चा शेवट मलाही रुचत नाही. पळवापळवीचा तो गोंधळ लांबतो, आणि इतका वेळ हलका असलेला हात तेथे घाईत जड होतो. मुलीच्या मागे लागणाऱ्या पोरांकडे चित्रपट जरा जास्तच लाडाने पाहतो, ही आजच्या मुलींची तक्रारही रास्त आहे. ‘साज’मध्ये सूर सगळीकडे सारखा लागत नाही. माझ्या माहितीतले एक प्राध्यापक याहून पुढे जातात. त्यांचे म्हणणे असे, की प्रेक्षकाला हसवून घरी पाठवले, की त्याचा राग निवतो आणि जग आहे तसेच राहते. तळमळ हवी, अस्वस्थता हवी. युक्तिवाद जुना आहे आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण मी त्यांना विचारते: सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकरांबरोबर आयुष्यभर अस्वस्थ करणारेच चित्रपट केले. ‘दोघी’ केला, ‘दहावी फ’ केला, ‘देवराई’ केला. २०१६ च्या ‘कासव’ला तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. २०२१ साली त्या गेल्या. यांतला कोणता चित्रपट तुमच्या सोसायटीने गणपतीत लावला? एकीला ‘हलकी’ म्हणून गंभीरपणे घ्यायचे नाही आणि दुसरीला ‘जड’ म्हणून घरात घ्यायचे नाही. मग बायांनी चित्रपट काढायचा तरी कोणत्या वजनाचा? तराजूच आपल्या सोयीचा आहे. ज्या मापाने आपल्याला स्वतःकडे पाहावे लागणार नाही, ते माप आपण लावतो.

हसल्याने राग निवतो की नाही, हे मला ठाऊक नाही. हसल्यावर माणूस सैल होतो, एवढे मात्र चाळीस मुलांच्या वर्गापुढे उभी राहून मी शिकले. आणि सैल झालेल्या माणसाच्या दंडात सुई चांगली जाते.

तर तिसऱ्या दिवशी रात्री ‘कथा’ झाला. वाहने हलवून खालच्या मोकळ्या जागेत पडदा बांधला होता. पाऊस मधूनमधून पत्र्यावर वाजत होता आणि रस्त्यावरचे ट्रक आपले पार्श्वसंगीत देत होते. शंभरावर माणसे जमली. बाशूच्या प्रत्येक थापेला हशा पिकला, राजारामच्या प्रत्येक फजितीला त्याहून मोठा. संध्या राजारामाला खरे सांगते तेथे मात्र मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. बाशूचे विमान उडाले, दिवे लागले. चौदाव्या मजल्यावरची एक मुलगी, नोकरी करणारी, आईला विचारत होती, “याला काहीच झालं नाही? असाच गेला?” आई म्हणाली, “पिक्चर आहे गं. चल, प्रसाद घे.” चिटणीस माझ्याजवळ येऊन म्हणाले, “बघा बाई, म्हटलं नव्हतं? मजा आली की नाही?”

सगळे प्रसादाच्या रांगेकडे गेले. मीही गेले, शिरा घेतला आणि लिफ्टपाशी पोहोचले. तेथून सहज मागे पाहिले. आमच्या समितीतले सातवे सभासद, जे बैठकीत कधी बोलत नाहीत, ज्यांच्याकडे वर्गणीच्या पावत्या, मांडववाल्याचा हिशेब आणि बंद पडलेल्या पंपाची तक्रार अशी सारी खाती आपोआप जाऊन पडतात, ते एकटेच खुर्च्या घडी करून भिंतीशी लावीत होते. बारा वर्षे दर गणपतीत ते हे करतात. बारा वर्षे मी शिरा घेऊन लिफ्टने वर जाते. त्यांना इमारतीत काय म्हणतात, तेही मला ठाऊक आहे, कारण तो शब्द मी एकदा वापरलेला आहे.

शिऱ्याचा द्रोण कट्ट्यावर ठेवून मी परत फिरले. ते संकोचून म्हणाले, “राहू द्या बाई, मी करतो.” मी एक खुर्ची उचलली. दोघांनी मिळून शंभर खुर्च्या लावायला किती थोडा वेळ लागतो, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी प्रथमच कळले.